तीन दिवसांचं खराब हवामान

७८६

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. २६ मार्च १९७४

चि. नजीरास,
कुतुबचाचाचे अनेक आशीर्वाद आणि पोटभर दुवा. वि. वि.

मी सुखरूप घरी पोचलो. तू मिरजेच्या स्टँडवर मला गाडीत बसवून दिलंस ते ठीक, पण कंडक्टरला बजावलंस की म्हाताऱ्याला झोप लागते, कोल्हापूर आलं की उठवा. तो भला माणूस मला हातकणंगल्यापासून दर थांब्याला उठवत आला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस काय म्हातारा असतो?

तारेचा राग अजून गेला नसेल तर आता जाऊ दे. 'स्टार्ट इमिजिएटली' एवढे दोनच शब्द मी घातले होते. त्यात मी मेलो असं कुठं होतं? तू आपली भरला वर्ग सोडून, नेसत्या साडीनिशी, डोळ्याला पदर लावून मिरजेत आपाच्या, तुझ्या फुफीच्या दारात हजर. आणि मी ओसरीवर कंपासपेटी उघडून बसलेला. तुझं तोंड त्या वेळी जे झालं ते बघून आपाच्या शेळीनंसुद्धा चरणं थांबवलं. पण पोरी, तू आली नसतीस तर मी भूमितीच्या पेपरला गेलोच नसतो, हे तुला म्हणून सांगतो. इंग्रजीच्या पेपराला मी भ्यालो नाही. त्रिकोण बघितला की मात्र मी पेटी मिटून पळायला बघतो. तीन दिवस तू मला ओसरीवर घासलंस, सहा प्रमेयं घोटून घेतलीस, म्हणून पेपरात दोन तरी बरी उतरली.

पेठेत मी सांगितलंय की मिरजेला डोळे तपासायला गेलो होतो. सगळ्यांना पटलं. आमच्या पेठेत मी तीस वर्षं 'मॅट्रिक कुतुब' आहे. मी तसं कधी म्हणालो नव्हतो, लोक म्हणाले आणि मी नाही म्हणालो नाही. चौथीत शाळा सुटली हे तुझ्या बापाला ठाऊक होतं आणि आपाला. आता तुला. तुझ्या बापाची, सिकंदरची आण घातली आहे, ती पाळ.

तुझ्या रजेची काळजी नको. मिरजेच्या स्टँडवर तुझी सही घेतली तो अर्ज मी त्याच दिवशी पोस्टात टाकला. माझ्याकडं तयार अर्जांचा गठ्ठा असतोच. पावसाळ्यात खळ वाळत नाही, पुठ्ठे फुगतात, पुस्तकबांधणीचं काम बंद पडतं, तेव्हा श्रावणभर बसून मी शंभर-दीडशे अर्ज लिहून ठेवतो. नाव आणि तारीख तेवढी भरायची. तुझ्या अर्जात कारण दिलंय 'इन्क्लेमेंट वेदर', म्हणजे खराब हवामान. असला भारदस्त शब्द तुझ्या हेडमास्तरांनी जन्मात वाचला नसेल.

घरमालकीण झुंबरबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या लोणच्याची बरणी परत करायची आहे.

वेळेवर जेव आणि चाचावर लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवला तर हरकत नाही.

तुझा,
कुतुबचाचा

———

शेवरेवाडी, वारणाकाठ
दि. ३१ मार्च १९७४

ती. चाचांस,
नजीराचा कृ. सलाम वि. वि.

तुमचं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि खाली बसले. श्रावणातला अर्ज तुम्ही चैत्राच्या तोंडाला पाठवलात?

सही करताना तो वाचला नाही ही माझी चूक. गाडी सुटत होती, तुम्ही कागद पुढं केलात. लहानपणापासून माझा प्रत्येक अर्ज तुम्हीच लिहिलात, म्हणून डोळे झाकून सही ठोकली. मुलांना मात्र रोज सांगते की वाचल्याशिवाय सही करू नका.

आमच्या हेडसरांनी तो अर्ज वाचला आहे. एकदा नाही, चारदा. हंबीरराव सर स्वतः अकरावीला इंग्रजी शिकवतात आणि शब्दकोश उशाशी घेऊन झोपतात असं शिपाई सांगतो. त्यांनी मला खोलीत बोलावलं, खिडकी उघडली आणि बाहेर बघायला सांगितलं. बाहेर लख्ख ऊन, उसाच्या गाड्या कारखान्याकडं चाललेल्या, आभाळात एक ढग नाही. सर म्हणाले, बाई, एकोणीस, वीस, एकवीस या तिन्ही दिवशी आभाळ असंच होतं, मिरजेलाही असंच होतं, मी चौकशी केली आहे. आता मला दोनातलं एक सांगा. या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही इंग्रजी शिकवायला लायक नाही. माहीत असेल तर तुम्ही खोटं लिहिलंय. लेखी खुलासा द्या.

चाचा, माझी दोन वर्षं या जूनला पुरी होतात. मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे कमिटी अठ्ठावीस एप्रिलला ठरवणार, आणि हा खुलासा तिथं वाचला जाणार. या जागेसाठी तुम्ही किती वह्या-पुस्तकं शिवलीत ते मला माहीत आहे. मी तुमच्या शेजारी बसून दोरा ओवून देत होते.

खरं कारण एका ओळीचं आहे. माझे चाचा परीक्षेला बसले होते, मी त्यांना भूमिती शिकवत होते. आण तुम्ही घातली, सोडवणंही तुमच्याच हातात आहे. परवानगी द्याल का?

डोळे तपासायला गेला होता म्हणून सांगितलंत, तर आता खरंच एकदा तपासून घ्या. तुमच्या अक्षरात ओळी वर चढायला लागल्या आहेत.

रागावले आहे, तरी तुमचीच,
नजीरा

———

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. ४ एप्रिल १९७४

चि. नजीरास अनेक आशीर्वाद आणि दुवा. वि. वि.

घाबरू नकोस. अर्जाचा धंदा मी तुझ्या हेडमास्तरांच्या आधीपासून करतो.

पहिली गोष्ट, हवामानच का लिहिलं ते ऐक. आजार लिहिला की डॉक्टरचा दाखला मागतात. मयत लिहिलं की कोण गेलं विचारतात, आणि एकाच चुलत्याला वर्षातून तीनदा मारता येत नाही. आभाळाचा दाखला कोण मागतो?

दुसरी गोष्ट, हा शब्द मी हवेत पकडलेला नाही. माझा शब्दकोश तुला माहीतच आहे. छत्तीस साली एक वकीलसाहेब बांधणीला टाकून गेले आणि परत आलेच नाहीत. दोन खंडांचा होता, त्यातला त्यांनी दुसराच आणला होता, म्हणून माझं इंग्रजी 'आय' या अक्षरापासून सुरू होतं. पण तिथून पुढं झेडपर्यंत मी कुणाला हार जाणार नाही. त्यात 'इन्क्लेमेंट'चा अर्थ दिलाय तो असा: हवामान असेल तर कठोर, माणूस असेल तर दयामाया नसलेला. म्हणजे शब्द लवचीक आहे. नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या बनाबाईच्या अर्जात मी 'इन्क्लेमेंट मदर-इन-लॉ' लिहिलं होतं, साहेबानं चार दिवस मागितले असता सहा दिले. एका गवळ्यासाठी, बफेलो शब्द त्याच्याच पोराला विचारून, 'इन्क्लेमेंट बफेलो' लिहिलं, तेही पास झालं. अडलं ते फक्त तुझ्या शेवरेवाडीत. तेव्हा कठोर कोण ते तूच ओळख.

आता खुलासा. चार वाटा सुचतात. एक, तू सांग की ऊन फार होतं आणि ऊन हेही कठोरच. दोन, मिरजेत फक्त आपाच्या गल्लीत गारा पडल्या. गारांचं काही सांगता येत नाही. तीन, हा अर्ज गेल्या जुलैतला असून टपालात अडकला होता. यावर सगळे विश्वास ठेवतील. चार, काहीच लिहू नकोस, गप राहा, साहेबलोक विसरतात.

पाचवी वाट तू मागितलीस ती देता येत नाही, पोरी. उद्या शाळेत कळलं की परवा कारखान्यावर, तेरवा कोल्हापुरात. मी ज्यांचे अर्ज लिहिले ती माणसं मला काय म्हणतील? मॅट्रिक म्हणून बिरुद लावून फिरला, आणि म्हातारपणी पोराटोरांच्यात बसून पेपर लिहितोय. जून महिन्यात निकाल लागेल. पास झालो की खोटं आपोआप खरं होईल, कुणाला काही सांगावं लागणार नाही. तेवढे दोन महिने कळ काढ.

बरणी परत पाठवतो आहे, आत कांदालसूण चटणी घातली आहे. रिकामी बरणी परत करू नये.

वाट क्रमांक तीन मला सगळ्यांत पसंत आहे. विचार कर आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
कुतुबचाचा

———

शेवरेवाडी
दि. ११ एप्रिल १९७४

ती. चाचांस कृ. सलाम वि. वि.

चटणी पोचली. झुंबरबाईंनी निम्मी लपवून ठेवली आहे.

तुमच्या चारही वाटा वाचल्या. गारांची वाचून हसू आलं, बाकीच्या वाचून नाही. चाचा, हा शब्द आभाळापुरताच वापरतात, तोही बिघडलेल्या आभाळासाठी. वादळ, झडीचा पाऊस, हाडं गोठवणारी थंडी. ऊन कितीही तापलं तरी त्याला कुणी हा शब्द लावत नाही. माणसाला लावत असत ते जुन्या काळी, निर्दय राजांना वगैरे. ते राजे गेले आणि तो वापरही गेला. म्हशीला तर कधीच लावत नव्हते. शब्दकोशात अर्थ असतो, पण कोणता शब्द कुणाच्या घरी जेवायला बसतो ते तिथं लिहिलेलं नसतं, ते ऐकून ऐकून कळतं. तुम्हाला ऐकवणारं कुणी नव्हतं. तो तुमचा दोष नाही.

खुलाशाची काळजी आता करू नका. काय लिहायचं ते माझं ठरलं आहे. त्यात तुमचं नाव नाही आणि परीक्षेचाही उल्लेख नाही. तुमची आण मोडणार नाही.

सोमवारी मुलांची परीक्षा सुरू होईल. मग पेपर तपासणं. तब्येत सांभाळा, उन्हात खळ ढवळत बसू नका.

तुमची,
नजीरा

———

मिरज
दि. १७ एप्रिल १९७४

चि. कुतुबास,
मेहरुन्निसाचा आशीर्वाद. दुवा पत्राच्या शेवटी, राग उतरला तर.

तुला पत्र लिहायला मी बसत न्हाय हे तुला ठाऊक हाय. दोन ओळी लिहिल्या की मान धरते. पण आज लिहायचंच म्हणून शेळीला बांधून बसलीया.

नजीरा रविवारी येऊन गेली. आली तशी भांडीच घासत बसली. घासलेलीच परत घासायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला आणि विचारलं, बाई गं, झालंय काय? आधी न्हाय म्हणाली. मग पदरातनं एक कागद काढून दाखवला. तिचा खुलासा. मला वाचता आला, मराठीतच हाय. त्यात तिनं लिहिलंय की इंग्रजीच्या त्या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता, न समजता वापरला, माझ्या अज्ञानाबद्दल कमिटी देईल ती शिक्षा मान्य हाय.

कळलं का तुला? पोरगी बी.ए., बी.एड. आन् ती लिहून देतीया की मला इंग्रजी येत न्हाय. मी म्हटलं, अगं, ह्यानं तुझी नोकरी जाईल. तर म्हणाली, जाऊ दे फुफी, चाचा पेठेत मान खाली घालून चालायला लागले तर मला बघवणार न्हाय. नोकरी दुसरी मिळंल.

दुसरी कुठली मिळते? तुझ्या दुकानात पुस्तकं शिवायला बसवणार हायस का तिला?

लहानपणी तू बापाचं घड्याळ फोडलंस आणि सिकंदरनं मार खाल्ला. तू ओसरीवर उभा राहून बघत होतास. तवा तू सात वर्षांचा होतास, मी काय बोलले न्हाय. आता त्याच सिकंदरच्या पोरीनं तुझ्यासाठी मार खायचा, आणि तू अठ्ठावन्नाव्या वर्षीबी ओसरीवरच उभा?

मॅट्रिक झाल्यावर माणूस मोठा होतो म्हणतात. तुझा निकाल जूनात हाय. पण काही कामं एप्रिलातच करायची असतात.

दुवा देते. माझा राग उतरला म्हणून न्हाय, तू माझा भाऊ हायस म्हणून.

तुझी आपा,
मेहरुन्निसा

———

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. २४ एप्रिल १९७४

ती. आपास,
धाकट्या भावाचा सलाम वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेली टोपी घातली आणि सकाळच्या गाडीनं शेवरेवाडी गाठली. नजीराला कळवलं नव्हतं. ती वर्गात मुलांच्या परीक्षेवर होती. मी थेट हेडमास्तरांच्या खोलीत.

काय सांगू आपा, माणूस उंच, सरळ, शिसपेन्सिलीसारखा. टेबलावर नजीराचा अर्ज आणि तिचा खुलासा शेजारी शेजारी, वर पितळी वजन. मी गाडीत दोन तास इंग्रजी भाषण पाठ करत गेलो होतो, 'रिस्पेक्टेड सर'पासून. त्यांनी बसा पावणं म्हटलं आणि मला त्यातलं एक अक्षर आठवेना. मग जे आलं ते आपल्या बोलीत आलं. मी म्हणालो, साहेब, पोरगी खोटी न्हाय, खोटा मी हाय. तो अर्ज माझा, शब्द माझा, आणि तिला त्याचा अर्थ तुमच्यापेक्षा चांगला ठाऊक हाय. तिला येत न्हाय म्हणून जे लिहून दिलंय तेवढंच तिचं खोटं, आणि ते माझ्या पायी. मग सगळं सांगितलं. चौथी, मॅट्रिक, मिरज, तार, भूमिती, सगळं.

त्यांनी वजन उचलून दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग पुरावा मागितला. मी टोपीच्या घडीतनं परीक्षेचं ओळखपत्र काढून दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, वय बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खडू दिला आणि म्हणाले, बाईंनी शिकवलेलं एक प्रमेय लिहून दाखवा. त्रिकोणाच्या तीन कोनांचं प्रमेय फळ्यावर काढलं. आकृती जरा तिरकी आली, त्रिकोण एका बाजूला कलला, पण सिद्धता शेवटपर्यंत नेली. तेवढ्यानं थांबले नाहीत. सहाच्या सहा लिहून घेतली. दोन ठिकाणी अडलो, पण नजीरानं ओसरीवर काय सांगितलं होतं ते आठवून पुढं गेलो. शिपाई चहा घेऊन आला तो तसाच दारात उभा राहून बघत राहिला.

मग ते म्हणाले, हे सगळं लेखी द्या, मराठीत द्या आणि खरं ते एवढंच द्या. असा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. चार ओळींना पाऊण तास लागला.

पेपर सुरू होते, ते वर्गांवर फेरी मारायला गेले. जाताना त्यांनी कपाटातला शब्दकोश काढून माझ्यापुढं ठेवला. अख्खा, एपासूनचा. मी उघडला तो परत बंद करवेना. आपा, माझ्याकडं जो खंड नव्हता त्यातच तर सगळं आहे. अपघात, ताप, खोकला, पूर, आग, मयत, दवाखाना. माणसावर येणारी बहुतेक संकटं त्या लोकांनी पहिल्या खंडातच घालून ठेवलीत. उन्हाच्या तापाला म्हणतात तो 'हॉट' हा साधा तीन अक्षरी शब्दसुद्धा तिथंच. वाईट म्हणायला त्यांच्यात 'बॅड' म्हणून इवलासा शब्द आहे आणि मी तीस वर्षं त्याच्या जागी केवढे केवढे धोंडे उचलत होतो.

ते परत आले तेव्हा मी पानं चाळत 'एच'पर्यंत गेलो होतो. जाताना एवढंच म्हणाले की ठरवणार कमिटी, मी काही वचन देत नाही. तेव्हा अजून काहीच सांगता येत नाही. रविवारी बैठक.

नजीराला मधल्या सुट्टीत भेटलो. मला बघून तिचा रंगच उडाला. मी केलेलं सांगितलं तर आधी भांडली, मग रडली, मग डबा उघडून निम्मी भाकरी मला दिली. आण सोडवली तिची.

तू बरं केलंस पत्र लिहिलंस. घड्याळाचं मात्र तुला अजून आठवतं याचं नवल वाटलं.

दुवेत धाकट्याला विसरू नकोस.

तुझा भाऊ,
कुतुब

———

शेवरेवाडी
दि. ३० एप्रिल १९७४

ती. चाचांस,
तुमच्या लाडक्या आणि भांडखोर नजीराचा कृ. सलाम वि. वि.

आधी बातमी, मग तपशील. कायम झाले.

आता तपशील. बैठक दुपारी शाळेच्या लायब्ररीत झाली. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण लायब्ररीचं दार नीट लागत नाही. आमचे चेअरमन केरबाण्णा तुम्हाला माहीत नाहीत. मोठे बागायतदार, स्वतः सहीपुरतं शिकलेले, पण शाळेची प्रत्येक वीट त्यांनी गावाकडून मागून आणलेली. आधी माझा खुलासा वाचला गेला. एक मेंबर म्हणाले की बाईच लिहून देतात अर्थ येत नाही, मग विषयच संपला, नवी जाहिरात द्या.

तेव्हा हेडसर उठले. म्हणाले, हा खुलासा खोटा आहे, माझ्याकडं दुसरा आहे. आणि तुमचा वाचला. चाचा, मी तो तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. तुम्ही लिहिलं होतं की माझ्या पुतणीने हवामानामुळे रजा घेतली नाही. मी चौथी शिकलेला असून मॅट्रिकला बसलो होतो व घाबरलो होतो. तिने तीन दिवस मला भूमिती शिकवली. मी स्वतःस मॅट्रिक म्हणवून घेत आलो, ते खोटे आहे. खाली तुमची सही, आणि नावापुढं काही नाही.

मग केरबाण्णांचा आवाज आला. म्हणाले, बाई खोटं बोलल्या हे झालं, ते काही बरं न्हवं, त्याचं काय करायचं ते करा. पर मला एक सांगा सर, बाई शिकवत्यात कशा? सर म्हणाले, अठ्ठावन्न वर्षांचा चौथी शिकलेला माणूस तीन दिवसांत सहा प्रमेयं शिकून गेला, ती त्यानं महिन्याभरानं माझ्या फळ्यावर लिहून दाखवली. आपल्या अकरावीच्या पोरांना ती वर्षभरात येत नाहीत. आणि बाई भूमितीच्या नाहीतच, इंग्रजीच्या आहेत. केरबाण्णा म्हणाले, मग अशा बाईस्नी घालवून आपण आणायचं कुणाला?

तीन दिवस बिनपगारी, एक लेखी ताकीद, आणि जूनपासून कायम. ताकीदपत्र सरांनी स्वतः हातात दिलं आणि म्हणाले, यापुढं सही करण्याआधी वाचत जा. मी ते तिथंच उभी राहून पूर्ण वाचलं, मग पोच म्हणून सही केली. ते हसले असावेत. त्यांच्या मिशीमुळं नक्की कळत नाही.

शाळेतून गावाला आणि गावातून कारखान्यावर कळलं आहे. तुम्ही म्हणाला होतात त्याच क्रमानं. कोल्हापुरात पोचलं असेल तर मला कळवा. मी रविवारी येते आहे. पेठेतून तुमच्या शेजारून चालत जायचं आहे मला.

तुमची,
नजीरा

———

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. १८ जून १९७४

चि. नजीरास,
चाचाचे अनेक आशीर्वाद आणि दुवा. वि. वि.

तुझ्या कायम झाल्याच्या ऑर्डरची नक्कल मिळाली. मी तिला पुठ्ठा चढवला आहे. एका कागदाचं बाइंडिंग आजवर कुणी केलं नसेल.

आता माझा निकाल. तू पेपरात नंबर शोधलास आणि मिळाला नाही म्हणून गप बसलीस, हे मला आपाकडून कळलं. गप बसू नकोस. नापास झालो. काल दुपारी गुणपत्रिका आली. भूमितीत एक्केचाळीस. वाच नीट, एक्केचाळीस. इतिहासात बावन्न. मराठीत साठाच्या घरात. आणि नापास झालो इंग्रजीत, चार गुणांनी. ज्या विषयाला घाबरलो नाही त्यानंच पाडलं.

पेठेला मी स्वतःच सांगितलं. मे महिन्यात बातमी इकडं पोचली होतीच, लोक तोंडावर बोलत नव्हते एवढंच. तू त्या रविवारी शेजारून चाललीस, पण माणसं तुझ्याकडं बघून हसत होती, मला चुकवत होती. काल संध्याकाळी कट्ट्यावर सगळे बसले होते, तिथं जाऊन म्हणालो की मॅट्रिक नव्हतो, बसलो होतो, इंग्रजीत उडालो. मग जे हसायला लागले ते थांबेनात. म्हणाले, कुतुबभाई, तीस वर्षं आम्ही तुमच्या इंग्रजीवर रजा घेतल्या आणि तुम्ही इंग्रजीतच नापास? मलाही हसू आलं. हसून हसून पोट दुखलं, घरी येऊन हिंग घेतला. बनाबाई तेवढी रागावली. ती म्हणते, तपासणाऱ्यालाच इंग्रजी येत नसेल. आज सकाळी दोघं अर्जाला आले. मी विचारलं, खरं कारण काय? एकाची म्हैस व्यायली होती, दुसऱ्याला मेव्हण्याच्या लग्नाला जायचं होतं. तेच लिहून दिलं, मराठीत.

एक काम राहिलं होतं. दुकानाच्या पाटीवर माझ्या नावापुढं कंसात 'मॅट्रिक' असं आहे. मी रंगवलं नव्हतं, गैबी पेंटरनं पंचेचाळीस साली आपल्या मनानं घातलं होतं, मी फक्त पुसलं नाही. आज गैबीलाच बोलावला. तो आता माझ्यापेक्षा थकला आहे, शिडी मी धरली. त्यानं तो शब्द खरवडून काढला आणि वरून विचारायला लागला की इथं मोठं भगदाड दिसतंय, नाव जरा पसरट करून भरून टाकू का, का एखादं फूल काढू. मी म्हणालो, काही काढू नको, जागा तशीच राहू दे. तो म्हणाला, पाटी अर्धवट दिसंल, गिऱ्हाईक विचारंल. मी म्हणालो, विचारू दे की. ऑक्टोबरचा फॉर्म भरलाय.

त्यानं शिडीवरूनच जागा बोटांनी मोजून घेतली.

शनिवारच्या गाडीनं येतो आहे, इंग्रजीची वही घेऊन. झुंबरबाईंना सांग, पाहुणा दोन दिवस आहे, लोणचं लपवू नका.

तुझ्या मायेचा आणि तुझ्या छडीचा अधिकारी,
कुतुबचाचा